काकू, लसूण निघाला!

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले तर "अगं, त्यात काय!" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या वर्षी मी दुकानातल्या लसणाच्या पाकळ्या मे महिन्यात लावल्या होत्या. इथे कॅनडात, ऑटवात बर्फ वितळून माती मोकळी झाली की लावायचं, एवढंच डोक्यात. सप्टेंबरात खणलं तर नुसते गोल गोळे. एकातही पाकळी सुटलेली नव्हती. निफाडच्या कांदेवाल्याची लेक मी, फार लागलं मनाला.

तुम्ही एक गोळा हातात घेतलात आणि म्हणालात, "याला थंडीच मिळाली नाही गं." ऑक्टोबरात ५ गड्ड्या घेऊन स्वतः आलात. कडक दांड्याचा 'म्युझिक' लसूण. ज्या ऑन्टारियोतल्या शेतकऱ्याने तो इटलीहून आणला त्याचं आडनावच म्युझिक, हेही तुमच्याकडूनच कळलं. मधोमध लाकडासारखा दांडा आणि त्याला बिलगून ४-५ जाडजूड पाकळ्या. त्यातल्या मोठ्या मी फोडणीसाठी बाजूला काढत होते, तर तुम्ही माझा हात धरलात. "मोठ्या मातीत, लहान पोटात." निवडून २० पाकळ्या आपण दोघींनी गुडघे टेकून लावल्या, टोक वर, २ इंच खोल, ६-६ इंचांवर. वर मेपलच्या वाळक्या पानांचा जाड थर. जानेवारीत पारा उणे २५ला गेला तेव्हा मला त्या वाफ्याचीच काळजी लागून राहिली होती. एप्रिलात पानं बाजूला केली तर हिरवे कोंब! फोटो सगळ्यात आधी तुम्हालाच पाठवला.

जूनमध्ये मधून दांडे निघून वेटोळी घ्यायला लागले आणि माझं धाबं दणाणलं. आमच्याकडे कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले की माल वाया गेला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "याला दांडा येतोच. एक वेटोळं झालं की काप, म्हणजे जोर गड्डीत जाईल." कापलेल्या दांड्यांची दाण्याचं कूट घालून भाजी केली. लसणाचा वास आणि फरसबीसारखा करकरीतपणा. घरात दोन दिवस दुसरी भाजी कुणी मागितली नाही.

जुलैत तर तुम्ही पीकच वाचवलंत. कांद्याच्या माना पडल्या की काढायचा, हे लहानपणापासूनचं. मी त्याचीच वाट बघत बसले असते. खालची तीन पानं वाळली, वरची अजून हिरवी होती, तेव्हाच तुम्ही काढायला लावलंत. प्रत्येक हिरवं पान म्हणजे गड्डीवरचा एक पापुद्रा; सगळी वाळेपर्यंत थांबलं तर गड्डी मातीतच उकलते.

२० पैकी १९ गड्ड्या आल्या, मुठीएवढ्या. तीन आठवडे गॅरेजात टांगून वाळवल्या. सगळ्यात मोठ्या ४ बियाण्याला ठेवल्यात, ५ तुमच्यासाठी बांधल्यात. रविवारी घेऊन येते. बरोबर चटणीही आहे, तुम्हाला सोसेल अशी, तिखट बेतानेच घातलंय.

तुमची,
वाफ्यापलीकडची शेजारीण