शेजारधर्म आणि साक्ष

महोदय,

धर्मांतराची चर्चा हल्ली आमिषाच्या आरोपाने सुरू होते आणि त्याच्या खंडनाने संपते. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा शेजाऱ्याला सांगायची, आमच्या भाषेत ‘साक्ष’ द्यायची, तर कशी, हे मात्र कोणी बोलत नाही. हे पत्र मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी आहे. इतरांनीही वाचावे, म्हणजे आमच्याकडून काय अपेक्षा धरायची ते त्यांनाही कळेल.

संविधानाच्या २५व्या कलमाने धर्मप्रचाराचा हक्क दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. येशूने आखलेली रेघ याहून कडक आहे. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. म्हणून उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने पुन्हा त्यांच्या अंगावर घातला नाही. आपली मदत या कसोटीला उतरत नसेल तर ती करूच नये.

मासेमारी बंदीचेच घ्या. १ जून ते ३१ जुलै खलाशाच्या घरात रोजची कमाई नसते. तेव्हा तांदूळ द्यायचा तर घरी नेऊन द्यावा, प्रार्थनासभेत वाटू नये. सभेत वाटला की पुढच्या आठवड्याला माणसे तांदळासाठी येतात आणि आपण ती श्रद्धेच्या खात्यात मोजतो. भाकरी खाऊन दुसऱ्या दिवशी शोधत आलेल्या लोकांना येशूने हेच तोंडावर सांगितले होते. पिशवी घेतानाचा फोटो तर काढूच नये. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला एक फोटो त्या घराची गावातली मान घालवतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दुःखाच्या घरात. माणूस गेल्या दिवशी स्वर्ग-नरकाचा विषय काढणे हे क्रौर्य आहे. त्या दिवशी लाकडे, खुर्च्या, पाणी आणि मुंबईहून निघालेल्यांना स्टेशनवरून आणायला गाडी, एवढेच बघावे. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. मग सगळे चाकरमानी परत जातात आणि पडवीत म्हातारी एकटी उरते. आपले खरे जाणे-येणे तिथून पुढे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी लागते. उशीर झाला की शुल्क आणि हेलपाटे वाढतात. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून ठेवाव्यात. बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी एक लागते. फॉर्म वाचून दाखवावा, भरूनही द्यावा, पण सही किंवा अंगठा तिच्या घरच्या माणसासमोर घ्यावा. तिचे पासबुक आणि एटीएम कार्ड एक रात्रसुद्धा आपल्याकडे ठेवू नये. या कामात दोन-तीन महिने जातात. तेवढ्या काळात येशूचे नावही निघाले नाही, तरी काही बिघडत नाही.

आजारपणात नियम एकच, आधी डॉक्टर. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. साप चावलेल्या माणसाचे उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या नावाखाली वेळ घालवला म्हणून विष थांबत नाही. ‘विश्वास असेल तर गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्याला मंडळीने तिथल्या तिथे गप्प करावे. प्रार्थना करायची तर आधी विचारावे, तेही घरच्या बोलीत: ‘तुमका चलात तर हय बसान देवाकडे मागणां करू?’ नको म्हटले तर डबा ठेवून यावे. हो म्हटले तर एक-दोन मिनिटे, हळू आवाजात, न विचारता डोक्यावर हात न ठेवता. वॉर्डात तर शेजारच्या खाटेलाही ऐकू जाऊ नये. आणि डबा नेताना सोमवार, संकष्टी, श्रावण बघूनच न्यावा. श्रावणात सुक्या मासळीचा वास घेऊन दारात उभे राहणाऱ्याला माया आहे, पण लक्ष नाही.

बोलायचे कधी? समोरचा विचारतो तेव्हा. ‘तुमी ह्या सगळा कित्याक करतास?’ हा प्रश्न सहा महिन्यांनी येईल, नाहीतर सहा वर्षांनी. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे ते याच क्षणासाठी: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. उत्तर दोन-तीन मिनिटांत संपावे. ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले तेवढेच सांगावे. गावच्या रवळनाथावर किंवा सातेरीवर एक शब्दही बोलू नये. चर्चमधली भाषा चर्चमध्येच ठेवावी. ‘तारण’ (म्हणजे उद्धार) म्हटले की शेजाऱ्याला बँकेत गहाण पडलेले दागिने आठवतात आणि ‘साक्ष’ म्हटले की कोर्ट. १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचले, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला ती चाल ओळखीची होती. वाचायला मागितलेच तर जाडजूड बायबल हातात न देता त्यातले येशूचे चरित्र सांगणारे मार्काचे शुभवर्तमान तेवढे द्यावे. सोळा अध्याय, दोन बैठकांत होतात.

घाई तर नकोच. रेव्हरंड ना. वा. टिळक तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९३ साली रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी आदबीने बोलून नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ साली. मधली दोन वर्षे वाचन आणि विचार चालला होता. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी नंतर कळली, आणि त्या घराची पुढे किती ओढाताण झाली हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणून एकट्या माणसाने गुपचूप बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरू नये. आधी घरात बोलावे, पाळकांनीही त्या घरी जाऊन तोंड दाखवावे, शिव्या पडल्या तर ऐकून घ्याव्यात. मुलांच्या बाबतीत तर आई आणि वडील दोघांची परवानगी असल्याशिवाय नाताळच्या नाटकातही घेऊ नये.

आणि शेजारी सरळ ‘नको’ म्हणाला, तर त्याच आठवड्यात, नेहमीच्याच वेळी त्याच्याकडे जावे. विषय पुन्हा आपणहून काढू नये. नाताळच्या नेवऱ्यांचे ताट दरवर्षीसारखेच जावे, आणि चतुर्थीच्या आधी त्याच्या घरचे चाकरमानी उतरतील तेव्हा त्यांच्या पिशव्या उचलायला आपण स्टेशनवर असावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, वेंगुर्ले