चिप जळालेली नव्हती : तपासणी शुल्क परत मिळणे व जॉबशीट दुरुस्त होणेबाबत

नाशिक
दिनांक : 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एम. जी. रोड, नाशिक येथील आपल्या लॅपटॉप दुरुस्ती केंद्राने केलेले चुकीचे निदान

महोदय,

आपल्या एम. जी. रोडवरील केंद्राने माझ्या लॅपटॉपच्या जॉबशीटवर ‘ग्राफिक चिप डेड, मदरबोर्ड बदलणे’ असा शेरा मारला आणि तपासणीचे जीएसटीसह 590 रुपये घेतले. चिप डेड नव्हती. हे पत्र मी त्याच लॅपटॉपवर टाइप करते आहे, शेजारी दुसरा मॉनिटर जोडून. बोर्ड तोच आहे, चिपला कोणी हात लावलेला नाही, दुरुस्तीला एक रुपयाही लागलेला नाही.

590 रुपयांसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. पण त्याच शेऱ्याच्या जोरावर मला आधी बोर्डाचे 14,000 रुपयांचे एस्टिमेट देण्यात आले. ते नको म्हटल्यावर ‘बंद मशीन’ म्हणून लॅपटॉप 1,800 रुपयांत एक्स्चेंजला घेण्याची तयारी दाखवली गेली, आणि काचेच्या कपाटातला नवा लॅपटॉप लगेच टेबलावर आला. धडधाकट मशीन भंगाराच्या भावात जायची वेळ आली होती. माझी खरी तक्रार ही आहे.

मी पंचवटीत डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, आणि जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत पेट्यांची लेबले. लॅपटॉप 2011 चा, त्यात एनव्हिडिया कंपनीची क्वाड्रो 1000 एम ही ग्राफिक चिप. या मॉडेलमध्ये प्रोसेसरमधले इंटेलचे ग्राफिक वापरात नाही, पडद्यावर जे उमटते ते या एकाच चिपमधून. सिस्टिम उबुंटू 22.04 (विंडोजऐवजी वापरायची मोफत लिनक्स सिस्टिम), काम इंकस्केप आणि स्क्रायबस या चित्राच्या व पानमांडणीच्या प्रोग्रामवर. मशीन जुने आहे हे मला कोणी सांगायला नको. पण बांधा दणकट आहे, आणि लेबलाच्या कामाला पुरून उरेल एवढी ताकद त्यात आहे.

सिस्टिम अपडेट झाल्यानंतर एका सकाळी 1920 बाय 1080 बिंदूंचा पडदा 1024 बाय 768 वर आला. अक्षरे आडवी ताणलेली, ब्राइटनेसची बटणे मेलेली, दुसऱ्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, आणि पंखा नुसता घोंघावतो आहे. हंगामाचे दिवस, पिंपळगावचे गिऱ्हाईक लेबलासाठी खोळंबलेले, म्हणून मी मशीन आपल्याकडे आणले. फॉर्मवर माझ्या हाताने लिहिले होते : ‘सिस्टिम अपडेटनंतर असे झाले.’ कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. ते वाक्य कोणी वाचले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

काउंटरवरचा संवाद जसा झाला तसा देते. काउंटरवर बसणारा मुलगा म्हणाला, “ताई, हे लिनक्स-बिनक्स काढून टाकू, विंडोज टाकून देतो, मग बघू.” मी विचारले, “म्हणजे चिप गेलेली नाही?” तर म्हणे, “चिपच गेलीये.” अहो, चिप गेली असेल तर विंडोज टाकून काय होणार, आणि विंडोज टाकून होणार असेल तर चिप गेली कशी? यावर तो म्हणाला, “एनव्हिडियाच्या जुन्या चिपा जातातच. रिबॉलिंग करून बघू का?” म्हणजे चिप काढून तिच्याखालचे डाख नव्याने घालायचे.

हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या एका जुन्या पिढीच्या चिपांमध्ये पॅकेजिंगचा, म्हणजे चिपच्या आवरण-जोडणीचा, दोष निघाला होता आणि 2008 मध्ये कंपनीने त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तेव्हापासून हॉट एअर आणि रिबॉलिंगचा धंदा दुकानोदुकानी चालला. पण माझी चिप त्यानंतरच्या फर्मी पिढीची आहे. शिवाय चिप खरोखर जाते तेव्हा पडद्यावर रेघा येतात, रंगीत चौकोन येतात, आणि बहुतेक वेळा ते चालू करताच, कंपनीचा लोगो आणि बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) पडद्यापासूनच दिसतात. तिथे ड्रायव्हरचा, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा, संबंधच नसतो, कारण सिस्टिम अजून सुरूच झालेली नसते. माझा लोगो स्वच्छ, बायोस स्वच्छ, ग्रबचा (सिस्टिम निवडायचा) मेनू स्वच्छ, आणि बिघाड उबुंटू सुरू झाल्यावरचा. नळाला पाणी नाही म्हणून व्हॉल्व्ह न बघता टाकी बदलायला सांगावी, तसे हे निदान आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या मावसभावाने फोनवर एवढेच सांगितले : “ग्रबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघड आणि आधीचा कर्नल लाव.” कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. आधीचा लावला. पडदा पूर्ण रुंदीचा, दुसरा मॉनिटर चालू, पंखा शांत. मेलेली चिप जुन्या कर्नलवर जिवंत होत नाही. तपासणी तिथेच संपायला हवी होती, आणि तिला ना स्क्रू ड्रायव्हर लागतो ना 590 रुपये.

नेमके काय झाले होते, तेही लिहिते. आपल्या केंद्रावर अशी मशीन पुन्हा येतील. फर्मी चिपांना एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर 390 मालिकेचा. त्याचा आधार 2022 च्या अखेरीस संपला, हे कंपनीने रीतसर जाहीर केलेले आहे. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे दर नव्या कर्नलसाठी त्याचे मोड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) नव्याने बांधावे लागते. उबुंटूत ते काम डीकेएमएस हा प्रोग्राम करतो. कर्नलची आतली रचना बदलत राहते आणि ज्याच्याकडे आता कोणी बघत नाही तो ड्रायव्हर कधीतरी मागे पडतो. माझ्याकडे 6 च्या मालिकेतला नवा कर्नल आपोआप आला, त्यावर 390 बांधला गेला नाही, आणि तसे डीकेएमएसच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेले होते. कर्नलमध्येच असलेला नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर अशा वेळी उपयोगी पडला असता, पण एनव्हिडियाचे पॅकेज बसवताना नूव्होला बंदीच्या यादीत टाकते. म्हणजे एक बांधला गेला नाही आणि दुसऱ्याला मज्जाव. मग सिस्टिमने प्राथमिक पडद्यावर काम भागवले आणि सगळे चित्र प्रोसेसरकडून रेखाटून घेतले. पंखा त्यामुळे घोंघावत होता.

हे पाहायला ‘एलएसपीसीआय’ हा एक आदेश ‘के’ पर्यायासह पुरतो. ग्राफिक चिपच्या नावाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळ येते. माझ्याकडे ती ओळच नव्हती. चिपचे नाव मात्र बिनचूक येत होते, म्हणजे बोर्डाला चिप दिसत होती. ज्यांना आदेश द्यायचे नाहीत त्यांनी उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावून ‘ट्राय उबुंटू’ निवडावे. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही आणि नूव्हो आपोआप चालू होतो. मी तेही करून पाहिले, पडदा पूर्ण आला.

शेवटी मी एनव्हिडियाची सगळी पॅकेजेस पर्ज केली, म्हणजे मुळासकट काढली, सिस्टिम सुरू होताना लागणारी इनिटरामएफएस ही फाइल नव्याने बनवली आणि रीस्टार्ट केले. आता नव्या कर्नलवर नूव्हो चालतो. जुन्या कर्नलवर 390 धरून बसता आले असते, पण ज्याच्या सुरक्षेच्या त्रुटी 2022 नंतर कोणी दुरुस्त करत नाही तो ड्रायव्हर गिऱ्हाइकांच्या फायली असलेल्या मशीनवर मला नको. नूव्हो या चिपचा वेग पूर्ण वर नेऊ शकत नाही, त्यामुळे गेम खेळणाऱ्याला तो चालणार नाही. इंकस्केपला फरक पडत नाही.

आपल्या हेल्पलाइनचाही उल्लेख करायला हवा. तिथे मला सांगितले गेले, “एनव्हिडिया आता ओपन सोर्स झाली आहे मॅडम, लेटेस्ट ड्रायव्हर टाका.” मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नल मोड्यूल खुले केले हे खरे, पण ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या चिपांसाठी. ट्युरिंग 2018 ची, माझी 2011 ची. लेटेस्ट ड्रायव्हर या चिपला ओळखणारच नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने “विचारून सांगतो” म्हणावे, मी थांबले असते.

काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि एस्टिमेट दिल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचे नाही एवढे मात्र नीट शिकवलेले दिसते. राग आहे तो पावतीच्या मागच्या रबरी शिक्क्यावर : ‘लिनक्स असल्यास केंद्र जबाबदार नाही.’ जबाबदारी घ्यायची नसेल तर मशीनही घेऊ नये आणि शुल्कही घेऊ नये. दारावरच पाटी लावा, आम्ही दुसरीकडे जाऊ.

माझे म्हणणे असे. 590 रुपये मूळ खात्यावर परत करावेत. माझ्या सीरियल नंबरवर आपल्या नोंदीत ‘चिप डेड’ असे राहिले तर उद्या हे मशीन विकताना किंवा एक्स्चेंजला देताना तो डाग आडवा येईल, म्हणून जॉबशीट रद्द करून ‘ड्रायव्हरची अडचण, हार्डवेअर ठीक’ अशी दुरुस्त प्रत सही-शिक्क्यानिशी द्यावी. रक्कम देऊन नोंद तशीच ठेवण्याची तडजोड मला मान्य नाही. आणि बोर्ड बदलायचे एस्टिमेट देण्याआधी पेन ड्राइव्हवरून मशीन एकदा चालू करून पाहावे, अशी सूचना आपण केंद्राला द्यावी. ती दिली की नाही हे मला तपासता येणार नाही, तरी लिहून ठेवते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार हा सेवेतील त्रुटीचा प्रकार आहे असे मी मानते. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि आयोग मला जवळ आहे.

उत्तर कागदावर किंवा ईमेलने द्यावे, फोनवर नको. दुपारी दोनपर्यंत मी लेबलांच्या कामात असते.

आपली,
(सही)

सोबत : जॉबशीट व पावतीची दोन्ही बाजूंची प्रत, फॉर्मची कार्बन कॉपी, बोर्डाचे एस्टिमेट, डीकेएमएसच्या लॉगची छापील प्रत, आणि दोन्ही पडदे चालू असलेला फोटो