बुरुडआळीतल्या काकांना, आकाशकंदिलाच्या सांगाड्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दिवाळीच्या व्यवसाय प्रकल्पासाठी आम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी जे आकाशकंदील विकले, ते तुमच्या बांबूचे होते आणि तुम्ही शिकवलेल्या रीतीने बांधलेले होते. आभार तोंडी मानलेच आहेत. पण तुम्ही दिलेली मापं आणि खाचाखोचा पुढे असा प्रकल्प करणाऱ्यांच्याही हाती लागाव्यात, म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार सांगाड्याचे. पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन, चोवीस कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) आणि बारा सांधे. प्रत्येक चौकोन सुटा बांधायचा, मग कोपऱ्याला कोपरा जोडायचा. आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. २० सेंमीच्या चौकोनासाठी कामटी २१ सेंमीची कापायची, म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा सेंमी बांधायला उरतो. रुंदी चार मिलिमीटर पुरते. कामटीत गाठ आली तर ती मध्याकडे असावी. सांध्यावर आली तर दोरा घट्ट बसत नाही.

त्याहून मोलाची ठरली ती तुम्ही दिलेली मापकाठी. २० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण २८.३ सेंमी भरतो, म्हणून तेवढीच एक काठी कापून हाताशी ठेवायची आणि प्रत्येक चौकोन दोन्ही कर्णांनी तपासायचा. एक कर्ण कमी, एक जास्त भरला की चौकोन कलला. असा एक जरी चौकोन आत गेला तरी शेवटचा सांधा जुळत नाही, मग तो ओढून बांधला जातो आणि कंदील टांगल्यावर तिरका दिसतो. कंदील पुरा बांधून झाला की वरच्या आणि खालच्या चौकोनातलं अंतरही तेच, २८.३ सेंमी. एका काठीत दोन्ही तपासण्या होतात. इतकं सोपं आणि इतकं अचूक साधन आम्हाला कुठल्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं.

ओला बांबू तुम्ही दिला नाहीत, यासाठीही आभार. हिरवा बांबू सुरेख चिरतो, पण वाळताना आकसतो आणि सांधे ढिले पडतात. पोटाकडचा, म्हणजे आतला, मऊ भाग काढून टाकायचा, कारण भुंगा तिथेच लागतो. पाठीकडचा भाग ठेवायचा. बांधायला सुती दोरा खळीत, म्हणजे शिजवलेल्या मैद्याच्या चिकीत, बुडवून घ्यायचा. रबरबँड लावला तर काम भराभर होतं खरं, पण तो काही दिवसांत तडकतो.

कागदाचा हिशेब आमच्यासारख्या नवख्यांचा हमखास चुकतो. चार चौकोन आणि आठ त्रिकोण मढवायचे. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे दिव्याची ऊब बाहेर पडते. एक सेंमी दुमड धरली तर पतंगाच्या ५० बाय ७५ सेंमीच्या एका तावात सहा चौकोन किंवा दहा त्रिकोण बसतात. म्हणजे पाच कंदिलांना चौकोनांसाठी चार ताव एका रंगाचे, त्रिकोणांसाठी चार दुसऱ्या रंगाचे. झिरमिळ्यांचा कागद निराळा. गडद निळा कागद दुकानात फार देखणा दिसतो, पण उजेड गिळतो. पिवळा, केशरी, पांढरा उजेड बाहेर देतात. आधी त्रिकोण चिकटवावेत, चौकोन नंतर, म्हणजे त्रिकोणांच्या कडा झाकल्या जातात.

खळीचं प्रमाणही लिहून ठेवतो: ५० ग्रॅम मैदा, साधारण ४०० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). मोरचूद विषारी असतो, त्यामुळे त्याचं भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही. फेविकॉल घट्ट लावला तर दिवा लावल्यावर डाग दिसतात. परतीच्या पावसाच्या दमट हवेत कागद अगदी ताणून चिकटवू नये. ऊन पडलं की तो आकसतो आणि कोपऱ्यात फाटतो. दिवा पाच-सात वॅटचा एलईडीच लावावा आणि तो मधोमध लोंबावा. जुना तापणारा बल्ब या कागदाला धोक्याचा.

पुण्यातलं गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, ही तुमची आठवणही फार उपयोगी पडली. बांधलेला कंदील हँडलला अडकवून सिंहगड रोडपर्यंत नेला तर कागद शाबूत राहत नाही. म्हणून सुटा संच: सहा चौकोन एकावर एक, बेतलेला कागद, दोरा आणि मापकाठी. सगळं मोठ्या पाकिटात मावतं आणि लहान मुलांच्या घरात तयार कंदिलापेक्षा जास्त आवडतं. विक्री सोसायटीच्या आवारात, कमिटीची परवानगी घेऊन करावी. कोजागरीनंतर मांडावं, खरा जोर वसुबारसेपर्यंत. लक्ष्मीपूजन उलटलं की उरलेल्या मालाला भाव नाही.

आणि किंमत. सामान, दहा कंदिलांमागे एक खराब होणार हा धरलेला तोटा, वाहतूक, आणि मग मजुरी. ही शेवटची रक्कम आम्ही सोडून देऊ नये, असं तुम्ही बजावलंत. एका कंदिलाला दोन तास लागले तर दोन तासांची मजुरी किमतीत असलीच पाहिजे. ज्यांचं घर या कामावर चालतं त्यांच्या शेजारी बसून विद्यार्थ्यांनी फुकटच्या श्रमाचा स्वस्त माल विकला, तर पेठेतल्या कारागिराचा भाव पडतो. या एका सांगण्याने आमच्या प्रकल्पाचं गणितच बदललं, आणि ते आम्हाला मनापासून पटलं आहे.

पुढच्या दिवाळीच्या कामट्यांची मागणी नवरात्राआधीच कळवू, अर्धी रक्कम आगाऊ देऊ. भाव तुम्ही सांगाल तो. काकूंना नमस्कार सांगा.

आपले कृतज्ञ,
आकाशकंदील प्रकल्पातले विद्यार्थी, पुणे