शाळेत कुणीतरी विचारायचं, कॉलेजात कुणी विचारत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की पेपरात ॲडमिशनच्या बातम्या सुरू होतात. कुठला कोर्स घ्यावा, फॉर्म कसा भरावा, कशाला स्कोप आहे, हे सगळं छापून येतं आणि यायलाच हवं. पण ॲडमिशन झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्या मुलांचं वर्गात काय होतं यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. मी बावीस वर्षं पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवतेय आणि दर वर्षी चांगली अभ्यासू मुलं नेमकी याच दोन-तीन महिन्यांत घसरताना बघते, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी पहिली परीक्षा झाली, पेपर वाटले, आणि संध्याकाळी एक मुलगी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना, बोलावलं तर बसेना. हातातली वही तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मॅडम बघा ना, मी एकही लेक्चर बुडवलेलं नाही, सगळं लिहिलंय, तरी ५० पैकी १४ कसे? मी वही उघडली आणि खरं सांगते मला भरून आलं. प्रत्येक पानावर तारीख, हेडिंग लाल पेनाने, खाली पट्टीने दोन रेघा, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवलेलं. एका रिॲक्शनमध्ये मी घाईत बाण उलटा काढला होता आणि नंतर पुसला होता, तर तिच्याही वहीत तो आधी उलटा होता आणि मग व्हाइटनर लावून सरळ केलेला. एवढ्या जाड वहीत तिचं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. कुठे एक प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

याच वहीसाठी शाळेत तिला शाबासकी मिळत आली असणार. म्हणजे ती आळशी नव्हती, बेशिस्त नव्हती, तिने शाळेचा नियम तंतोतंत पाळला होता, फक्त नियम बदललाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या मते शाळा आणि कॉलेजमधला मुख्य फरक हाच आहे आणि बाकीचे सगळे फरक त्याच्या मागून येतात. शाळेत कुणीतरी सतत तुमच्यावर लक्ष ठेवून असतं. वही तपासली जाते, गृहपाठ केला नाही तर दुसऱ्याच दिवशी कळतं, चाचणीत मार्क पडले नाहीत तर घरी निरोप जातो, वर्गशिक्षकांना तुमचं नाव, तुमची बसायची जागा, तुमची तब्येत सगळं माहीत असतं. कॉलेजात हे एका दिवसात बंद होतं. आणि मुलांना काय वाटतं, की कुणी ओरडत नाही म्हणजे आपलं बरं चाललंय. ती शांतता त्यांना फसवते. पहिला धक्का बसतो तो थेट परीक्षेत, तोपर्यंत अर्धी टर्म गेलेली असते.

दुसरं म्हणजे वेळ. टाइमटेबल हातात आलं की मुलं खूश होतात, कारण मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी दिसतात आणि शाळेच्या सवयीने रिकामा तास म्हणजे ऑफ तास. पण क्रेडिट हा जो शब्द ॲडमिशनच्या दिवसापासून कानावर पडतो त्याचा अर्थ कुणी समजावत नाही. युरोपातल्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम आणि पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास, आणि त्यात वर्गातल्या तासांबरोबर स्वतः बसून केलेला अभ्यासही धरलेला असतो. अमेरिकेत हिशोब असा की आठवड्याला वर्गातला एक तास असेल तर त्याच्या जोडीला बाहेर किमान दोन तास, साधारण १५ आठवडे. म्हणजे ज्याच्या टाइमटेबलमध्ये आठवड्याला १५ तास लेक्चर दिसतात त्याचं काम खरं तर ४५ तासांचं आहे! कुठल्याही देशातलं कॉलेज घ्या, आकडे थोडे इकडचे तिकडे होतील पण सूत्र तेच आहे, त्या रिकाम्या चौकटी रिकाम्या नाहीत, त्या तुमच्या नावावर लिहिलेल्या आहेत, फक्त तिथे हजेरी घ्यायला कुणी येत नाही. वेग तर विचारूच नका. मोल कन्सेप्ट शाळेत दोन-दोन आठवडे घोटून घेतात, मी तो एका लेक्चरमध्ये उजळणी म्हणून संपवते आणि पुढे जाते, कारण मला पुढचं बरंच गाठायचं असतं.

अभ्यास कसा करायचा हाही प्रश्न आहेच. त्या मुलीला मी विचारलं, परीक्षेच्या आधी काय केलंस? ती म्हणाली, पूर्ण वही सहा वेळा वाचली. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, तो मी आता दर वर्षी वर्गात सांगते. काही मुलांनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो मिटून आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर नुसतं वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून बघणाऱ्यांना ५६ टक्के. शाळेत चाचण्या इतक्या वारंवार होतात की ते मिटून आठवायचं काम शाळाच तुमच्याकडून करून घेते, तुम्हाला कळतही नाही. कॉलेजात परीक्षा कमी आणि मोठ्या, त्यामुळे स्वतःची चाचणी स्वतः घ्यावी लागते. शिवाय प्रश्न धड्याखालचे येत नाहीत, तुम्ही कधी न बघितलेला प्रश्न येतो आणि शिकलेलं तिथे लावून दाखवायचं असतं.

आणि एक गोष्ट आहे जी मुलं कुणाजवळ बोलत नाहीत. शाळेत जो पहिल्या पाचात असतो तो इथे येतो आणि बघतो तर आजूबाजूला सगळेच आपापल्या शाळेतले पहिल्या पाचातले. पहिल्यांदा मार्क कमी पडले की मग "अभ्यास कमी पडला" असं न वाटता "मी इथला नाहीच" असं वाटायला लागतं, आणि मग मागच्या बाकावर बसणं, मग लेक्चर चुकवणं, सगळं त्याच्या मागोमाग येतं. वॉल्टन आणि कोहेन या अभ्यासकांचा २०११ साली सायन्स या नियतकालिकात छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या काही मुलांना साधारण तासाभराच्या एका बैठकीत इतकंच समजावलं की आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि ते हळूहळू जातं. एवढ्यावर, पुढची तीन वर्षं त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मानाने असलेली तफावत निम्म्यावर आली. फक्त एक तास! आणि आम्ही तो एक तास देत नाही.

इथे चूक आम्हा शिकवणाऱ्यांचीही आहे. "हे कॉलेज आहे, इथे कुणी हाताला धरून शिकवणार नाही" हे वाक्य मी स्वतः दहा-बारा वर्षं पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात म्हणत आले. मग हाताला न धरता कसं चालायचं हे कधी सांगितलं? नाही. माझी सगळ्या कॉलेजांना कळकळीची विनंती आहे, तिसऱ्या आठवड्यात एक छोटी चाचणी घ्या, मार्क कुठेही न धरता, म्हणजे मुलांना वेळेत कळेल आपण कुठे आहोत. आणि भेटायची वेळ नुसती दारावर लावू नका, वर्गात तोंडाने सांगा की या, कारण शाळेतून आलेल्या मुलाला अजून असंच वाटतं की सरांनी बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलंय. पालकांनाही सांगणं आहे, "कॉलेजला गेलास का" हे विचारून काही कळत नाही, त्यापेक्षा "आज काय समजलं नाही, आणि ते कुणाला विचारलंस" असं विचारून बघा.

त्या मुलीला मी वहीचं पान दुमडायला सांगितलं, डावीकडचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवायचा आणि त्यात रोज रात्री फक्त स्वतःचे प्रश्न लिहायचे. ही काही माझी युक्ती नाही, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात नोट्सची जी पद्धत काढली तीच. आठ दिवसांनी ती परत आली, या वेळी न बोलावता आत येऊन बसली. अक्षर जरा बिघडलं होतं, लाल पेन गायब होता आणि डावीकडची पट्टी गच्च भरलेली. पहिलाच प्रश्न, मॅडम तुम्ही इथे तापमान बदलत नाही असं धरलंय, ते का? मी माझ्या नोट्स काढून बघितल्या. ते वर्गात सांगायचं माझंच राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरची सुरुवात मी तिथूनच केली.

आपली,
पहिल्या वर्षाला शिकवणारी एक प्राध्यापिका