चाकणच्या कारखान्यातून फिजिओथेरपीकडे : ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताईंना सविनय नमस्कार,

हे पत्र मी आपल्याला खासगीतही पाठवू शकलो असतो आणि आपल्या स्वभावाला तेच अधिक रुचले असते, याची मला कल्पना आहे. तरीही ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण चालू नोकरी सोडून फिजिओथेरपीकडे वळावे का, असे विचारणारे तिशी ओलांडलेले लोक अलीकडे मला भेटू लागले आहेत आणि त्यांना उत्तर देताना मी दर वेळी आपल्याविषयीच बोलत असतो. निर्णय घेण्याआधी हे काम जसे आहे तसे मला पाहू देण्यासाठी आपण आपला वेळ दिलात, आपल्या दवाखान्याचे दार उघडलेत आणि रुग्णांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात. ते झाले नसते तर मी कदाचित या क्षेत्रात आलोही असतो, पण टिकलो नसतो, असे मला मनापासून वाटते.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरीला होतो. रुग्णालयातून त्यांना घरी आणल्यावर त्यांच्या फिजिओथेरपिस्ट म्हणून आपण येऊ लागलात. 'मशीन लावायला कोण येतं?' असे शेजारी विचारत आणि खरे सांगायचे तर आम्हीही मशीनचीच वाट पाहत होतो. आपण मात्र पहिल्याच भेटीत पलंगाची उंची पाहिलीत आणि पलंग अशा रीतीने फिरवून घेतलात, की आमचे येणे-जाणे व बोलणे वडिलांच्या दुबळ्या, डाव्या बाजूने व्हावे. त्यांना उठवताना डावा हात धरून कोणीही ओढायचे नाही, अशी सक्त ताकीद आपण दिलीत. स्नायूंचा आधार गेलेला खांदा अशा ओढण्याने सांध्यातून खाली सरकतो, दुखू लागतो आणि मग पुढचे सगळेच व्यायाम अडतात, हे आपण आईला इतक्या सोप्या शब्दांत समजावलेत की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच ते दारात सांगू लागली.

खुर्चीवरून उठण्याचा सराव मी आपल्या शेजारी उभा राहून पाहत असे. पावले गुडघ्यांपेक्षा मागे घ्यायची, दोन्ही टाचा जमिनीला टेकवायच्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकायचे आणि मगच बैठक उचलायची. वडील सगळा भार उजव्या पायावर टाकत, तेव्हा आपण त्यांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तो भार हळूहळू डावीकडे आणत असा. यंत्रांच्या हालचाली शिकण्यात माझी कित्येक वर्षे गेली होती, पण माणूस साधा उठतो तेव्हा किती गोष्टी एकापाठोपाठ जुळून याव्या लागतात, हे मी तोवर कधी पाहिले नव्हते. रिकामे फुलपात्र डाव्या हाताने धरण्याचा सरावही तसाच चाले. हाताचे स्नायू गेलेले नाहीत, त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झाली आहे आणि मेंदूचे उरलेले भाग ते काम पुन्हा शिकू शकतात, पण त्यासाठी तेच काम, खरे काम, पुष्कळदा करावे लागते, असे आपण सांगितले होते. हात पायाइतका सुधारेलच असे नाही, हेही आपण तेव्हाच सांगून ठेवले होते. पुढे तसेच झाले. वडील काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागले, डावा हात मात्र आधारापुरताच राहिला, आणि आधीच मनाची तयारी झालेली असल्यामुळे घरात कोणी खचले नाही.

मला हे काम शिकायचे आहे, असे मी म्हणालो, तेव्हा आपण होकारही दिला नाहीत आणि नकारही. पत्नीला घेऊन या, एवढेच आपण म्हणालात. त्या संध्याकाळी आपण आमच्या दोघांसमोर जे मांडलेत, तसे स्पष्ट बोलणे मला त्याआधी कोणत्याही व्यवसायाच्या बाबतीत ऐकायला मिळाले नव्हते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर सहा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप), म्हणजे साडेचार वर्षे घरात एकच पगार. खासगी महाविद्यालय मिळाले तर शुल्काचा वेगळा भार. पदवीनंतर सुरुवातीची मिळकत चाकणच्या पगारापेक्षा बरीच कमी. दिवसभर उभे राहून, वाकून, माणसे पेलून स्वतःच्या कमरेची आणि अंगठ्यांची होणारी झीज. आणि मालिश करणारा म्हणून ओळखले जाण्याची तयारी. हे सारे सांगताना आपले लक्ष माझ्यापेक्षा माझ्या पत्नीकडे अधिक होते. तिच्या सगळ्या शंका आपण आधी घेतल्यात. पुढच्या वर्षांत तिने ओढलेला संसाराचा गाडा पाहिल्यावर, तिला त्या बैठकीत बोलावण्यामागचा आपला विचार मला पुरता कळला. असा निर्णय एकट्याचा नसतो, हे आता मीही विचारायला येणाऱ्यांना सर्वांत आधी सांगतो.

त्यानंतर शनिवारी दवाखान्यात येऊन बसण्याची परवानगी आपण दिलीत, तीही रुग्णाची हरकत नसेल तरच. या शनिवारांचे ऋण सर्वांत मोठे आहे. खांदा आखडलेल्या एक काकू भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम करत आणि आठवड्यांमागून आठवडे गेले तरी पाहणाऱ्याला फरक दिसत नसे. कारखान्यात मायक्रोमीटरने मोजायची सवय लागलेल्या माझ्या हातात आपण सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर दिलात आणि बजावलेत, की हे साधन हाताने धरायचे असते, त्यामुळे पाच अंशांच्या आतला फरक प्रगती म्हणून रुग्णाला सांगायचा नाही. त्याऐवजी काकूंना आज स्वतःची वेणी घालता आली का, परकराची नाडी मागे हात नेऊन नीट करता आली का, हे विचारायचे. फिजिओथेरपीतील मोजमापाविषयी पुढे पुस्तकांतून पुष्कळ वाचले, पण एवढे नेमके मला पुन्हा कोणी सांगितले नाही. कंटाळवाणे शनिवार मला मुद्दाम दाखवले जात होते, हे लक्षात आल्यावर माझा आपल्याविषयीचा आदर अधिकच वाढला.

२०२२ मध्ये प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादा उठली आणि माझ्यासारख्यांना वाट मोकळी झाली. बारावीला जीवशास्त्र घेतलेले होते, ते कामी आले. तरी अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा उघडणे जड गेले आणि त्या काळात आपण जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मला शरीराचे सांधे काढून दाखवत होता. प्रवेश मिळाल्यावर त्याच कागदांवर मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, ब्रेकियल प्लेक्सस, आपण माझ्याकडून इतक्या वेळा काढून घेतलेत, की परीक्षेत ते न अडखळता उतरले. वर्गातली मुले माझ्या निम्म्या वयाची होती. त्यांनी मला काका न म्हणता दादा म्हटले, हा त्यांचा चांगुलपणा.

आपल्या बोलण्यातून या व्यवसायाचा इतिहासही मला कळला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, पोलिओची साथ येऊन गेल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि भारतातले या विषयाचे पद्धतशीर शिक्षण तिथून वाढले. आपल्या शिक्षकांचा मोठा काळ पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावलेल्या मुलांना चालवण्यात गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, ती बातमी आपण जपून ठेवली आहे, ती आपण मला दाखवली होती. माझ्या पिढीसमोर अर्धांग, गुडघेबदल शस्त्रक्रिया आणि तासन्‌तास खुर्चीत बसून आखडलेल्या माना आहेत. रुग्ण बदलले, पण त्यांच्यापाशी थांबण्याची चिकाटी तीच लागते, असे आपण म्हणत असा आणि त्याचा अनुभव मला आता वॉर्डात रोज येतो.

सध्या माझी आंतरवासिता चालू आहे. गेल्या आठवड्यात अर्धांगाच्या एका रुग्णाच्या मुलाने वडिलांना दुबळ्या हाताला धरून उठवू पाहिले, तेव्हा मी त्याला थांबवले आणि आपण माझ्या आईला सांगितले होते त्याच शब्दांत कारण समजावले. त्याने लगेच आपल्या बहिणीला बोलावून तिलाही ते ऐकवले. आपल्याला हे कळवावे, असे तेव्हाच ठरवले होते.

आंतरवासिता संपली की महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे नोंदणी करीन. त्यानंतर आमच्या तालुक्याच्या गावी काम सुरू करण्याचा विचार आहे, कारण तिथल्या रुग्णांना रुग्णालयातून घरी गेल्यावर व्यायाम शिकवणारे जवळपास कोणी नाही. तत्पूर्वी काही महिने आपल्या हाताखाली, विशेषतः घरी जाऊन करायच्या उपचारांमध्ये, काम करण्याची माझी फार इच्छा आहे. या वेळी शनिवारपुरता न येता रोज येईन. आपल्याला सोयीचे असेल तर कळवावे.

वडिलांनी आणि आईने आपल्याला नमस्कार सांगितला आहे. पत्नी स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. तिला जे म्हणायचे आहे ते माझ्या पत्रात मावण्यासारखे नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ विद्यार्थी