नंबर काढून टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एकतर्फी नात्यांवरचा लेख वाचला. जो आपली विचारपूस करत नाही त्याचा नंबर सरळ काढून टाका, असा सल्ला होता. माझं वय 67. या हिशेबाने नंबर काढत बसले तर फोनमध्ये दूधवाला आणि गॅसवाला एवढेच उरतील.

माझी एक मैत्रीण इथेच नाशकात, गंगापूर रोडला राहते. चाळीस वर्षांची ओळख. सणाला मी जायचं, आजारपणात मी जायचं, फोनही मीच करायचा. तिच्या मुलाच्या लग्नात मी येवल्याहून सेमी पैठणी आणली. माझ्या मुलीच्या लग्नात तिने स्टीलचा डबा दिला, तोही सैल झाकणाचा. इतकं नेमकं आठवतं, कारण आहेराची वही अजून कपाटात आहे. (डबाही आहे. त्यात कुरडया ठेवते, झाकणावर खलबत्ता.)

ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला पूर आला, ज्याच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात तो दुतोंड्या मारुती पाण्यात गेला. मी पंचवटीत. दिवसभर तिच्या फोनची वाट पाहिली. रात्री फोन वाजला तो निफाडच्या मामेबहिणीचा. "ताई, सुखरूप आहेस ना गं?" बोलता बोलता चटका बसला. ही दर फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी पाठवते आणि मी तिच्याकडे शेवटची गेले ती मामांच्या तेराव्याला. तिच्या कपाटातही एखादी वही असेलच की.

मैत्रिणीशी अबोला धरायचं मी तेव्हा सोडून दिलं. मात्र धावपळही आवरली. आठवड्यातून तीनदा व्हायचा तो फोन महिन्यावर आणला. उसने पैसे बंद. मागितले तर "जमणार नाही", कारण सांगत बसत नाही. एकदा तोंडावर म्हटलंही, "अगं, दरवेळी मीच येते. आता तू ये." तर म्हणाली, "पंचवटीत गाडी लावायला जागा तरी असते का?" दोन दिवस घास गोड लागला नाही. मग संकष्टीला रविवार कारंजावर, चांदीच्या गणपतीपाशी भेटायचं ठरवलं. दोघींनाही रिक्षाने सोपं पडतं. वेळ सहाची. ती साडेसहाला उगवते. हल्ली मीही घरून सव्वासहालाच निघते. दर्शन होतं, चहा होतो, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून होतात. माझ्या गुडघ्यांची चौकशी ती अजूनही करत नाही. मीच सांगून टाकते.

जो अपमान करतो किंवा लुबाडतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याला दार बंदच हवं.

यंदा द्राक्षं संपायच्या आत निफाडला जायचं मनात आहे. तसं मामेबहिणीला फोनवर कळवलं. क्षणभर ती गप्प. मग म्हणाली, "ताई, खरंच येणार आहेस, की नुसतं म्हणतेयस?"

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक