चिखलाचे टायर घेण्याआधी आपला चिखल बघा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की पावसाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर आपल्या दैनिकात मजकूर येतो. वायपर, ब्रेक, बॅटरी, सगळ्यांची विचारपूस होते. टायरची बोळवण मात्र 'झिजले असल्यास बदलावेत' एवढ्यावर होते. वाळपईत टायरच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. मे महिना सरत आला की दुकानात कशाची मागणी सुरू होते ते रोज बघतो, आणि काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

पूर्वी सत्तरीत जीप असायची ती कुळागरवाल्याकडे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतदाराकडे, नाहीतर खाणीच्या कामावर. 2020 च्या ऑक्टोबरात महिंद्राची नवी थार आली, 2023 मध्ये मारुतीची जिम्नी आली, आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी नोकरदार मुलांच्या दारात उभी राहिली. मुलांना रानाची, घाटाची ओढ आहे, ते चांगलेच आहे. रेनफॉरेस्ट चॅलेंज या रान-चिखलातून गाड्या काढण्याच्या शर्यतीची भारतातली स्पर्धाही 2014 मध्ये गोव्यातच सुरू झाली, ती आपल्या पावसासाठीच. पण गाडी नवी कोरी असतानाच तिचे चांगले टायर उतरवून मड टायर, म्हणजे खास चिखलाचे टायर, चढवायची घाई सुरू झाली आहे, ती मला पटत नाही.

परवा एक मुलगा आला. "काका, एकदम मोठ्या ठोकळ्यांचा दाखवा." मी विचारले, "गाडी जाते कुठे?" म्हणाला, पणजीला, रोज, कामाला. "आणि चिखल?" तर घराकडची शे-दीडशे मीटरची वाट, आणि कधी रविवारी मित्रांबरोबर. त्याच्या गाडीला कंपनीने दिलेले ऑल टेरेन टायर होते, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे, ज्यांना आम्ही दुकानात ए.टी. म्हणतो. नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक. मी त्याला ते काढू दिले नाहीत. तो थोडा नाराज होऊन गेला, पण रोज पणजी-वाळपई करणाऱ्या मुलाच्या गाडीला ते टायर चढवायला माझे मन होईना.

मड टायर काय करतो ते आधी समजून घ्यावे. त्याचे ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून लांब असतात. नव्या टायरच्या खाचा साधारण 14 ते 16 मिलिमीटर खोल, साध्या रस्त्याच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. चाक फिरले की खाचेत बसलेला चिखल झटकून बाहेर फेकला जातो आणि ठोकळा पुन्हा कोऱ्या कडेने माती धरतो. खाच अरुंद असेल तर चिखल आत बसून राहतो, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरते. सगळा खेळ या झटकण्याचा. त्यासाठी चाक थोडे वेगाने फिरावे लागते, आणि चिखलही तसा असावा लागतो.

इथेच आपल्या गोव्याचा प्रश्न येतो. बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशातल्या चिखलावर बेतलेला सल्ला आपण जसाच्या तसा घेतो. आपल्याकडचा चिखल एका जातीचा नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या वाटांवर तांबडी माती असते आणि तिच्याखाली जांभा. पहिल्या सरींनी वरचा थर साबणासारखा होतो, पण चार बोटे खाली कठीण तळ लागतो. अशा ठिकाणी टायर रुंद नको, अरुंद हवा. अरुंद चाक वरचा थर कापून जांभ्यावर टेकते, रुंद चाक वर तरंगत राहते. करंझोळकडून सुपारी आणि नारळ भरून येणाऱ्या जुन्या जीपा बघा. अरुंद, उंच, खोल ठोकळ्यांची चाके. त्या माणसांनी टायरची पुस्तके वाचलेली नाहीत, वाट वाचलेली आहे.

याच्या उलट चोडण, दिवाडीकडची खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, किंवा भरलेली भातशेती. तिथे चिखलाला तळच नाही. डिचोली, सांग्यातल्या खाणींच्या जुन्या मातीच्या ढिगाऱ्यांचेही तेच, पाऊस मुरला की ती माती आतून सुटते. तिथे कुठलाही टायर घाला, गाडी पोटावर बसते. ठोकळे जितके मोठे तितका खड्डा लवकर खणला जातो. तिथे गाडी घालू नये, एवढाच माझा सल्ला.

तिसरा प्रकार ओहोळांचा. दूधसागरची कुळ्यातून जाणारी जीपवाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ती पावसाळ्यात बंद असते आणि उघडते तेव्हा तिथे चिखलापेक्षा दगड आणि पाणी जास्त असते. शेवाळलेल्या ओल्या दगडावर मड टायरचा मोठा, टणक ठोकळा घसरतो. तिथे बारीक बारीक चिरा असलेला, मऊ धरणारा ए.टी. जास्त कामाचा, फक्त कडेची भिंत मजबूत हवी. टायर फाटतो तो बहुतेक कडेनेच. जांभ्याची कड लागून फाटलेल्या कडा माझ्या दुकानात नेहमी येतात. मधल्या नक्षीतले पंक्चर काढता येते, कड फाटली की तो टायर गेला.

आता डांबराकडे येतो, कारण खरी भीती तिथे आहे. राज्यात हंगामात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आम्हा घाटाखालच्यांच्या वाट्याला त्याहून जास्त. केरीहून चोर्ला चढताना, किंवा मोल्याहून अनमोड घाटात, जुलैत धुके, वळण आणि वाहते पाणी एकत्र भेटतात. मड टायरच्या खाचा रुंद असल्यामुळे पाणी निघून जाते, हे खरे आहे. पण रस्त्याला टेकणारे रबर कमी असते, ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात किंवा मोजक्याच असतात, आणि ब्रेक दाबला की उंच ठोकळा आधी वाकतो, मग धरतो. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पुढे म्हशी उभ्या असतील तर तेवढेच अंतर महत्त्वाचे. शिवाय टायर जड, त्यामुळे डिझेल-पेट्रोल जास्त लागते, स्टिअरिंग सुस्त होते, आणि वेग वाढला की गुणगुण सुरू होते. ती टायर झिजेल तशी वाढत जाते. चाके वेळच्या वेळी, सात-आठ हजार किलोमीटरला, पुढची मागे करून घेतली नाहीत तर नक्षी एकसारखी न झिजता तिला दात पडतात आणि मग गाडीत बोलणेही ऐकू येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे: ज्याची गाडी बहुतेक वेळ डांबरावर असते, त्याने ए.टी. घ्यावा, तोही कंपनीच्याच मापाचा. ज्याचे कुळागर किंवा काजूचे भाट, म्हणजे बाग, आतल्या रानात आहे, जो भर पावसात तांबड्या मातीच्या चढावरून रोज ये-जा करतो, त्याला मड टायर हवाच. त्याने पैसे वाचवू नयेत. या दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि दुकानदाराने त्या विचारूनच टायर दाखवावा.

मापाचेही सांगतो. जिम्नीला कंपनीकडून 195/80 आर 15 येतो. मुले 235/75 आर 15 मागतात. चाकाचा व्यास जवळजवळ 40 मिलिमीटरने वाढतो. वेगाचा काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 63 च्या पुढे असते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की चाक बंपरला किंवा आतल्या प्लास्टिकला घासते, इंजिनावर ताण येतो, ब्रेकलाही तेवढे मोठे चाक थांबवावे लागते. अपघात झाला तर विमा कंपनी या मापाबद्दल प्रश्न विचारू शकते, तेही लक्षात ठेवावे.

याहून वाईट म्हणजे दोनच टायर बदलणे. मागे दोन मड, पुढे जुने रस्त्याचे. "ताकद मागच्या चाकांना असते ना, काका." असते, पण ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गरकन फिरते. फोर बाय फोर लावल्यावर तर पुढच्या आणि मागच्या चाकांचा घेर वेगळा असला की सगळा ताण मधल्या गिअरपेटीवर येतो. चारही एकाच नक्षीचे, एकाच मापाचे घ्या. जमले तर स्टेपनीही त्याच मापाची. पैसे कमी असतील तर थोडे थांबून चार ए.टी. घेतलेले बरे.

किनाऱ्याबद्दल एक शब्द. मड टायर बसवले म्हणजे वाळूतही गाडी चालेल अशी काही पर्यटकांची आणि आपल्याही मुलांची समजूत आहे. वाळूत हे ठोकळे खणतात, गाडी रुतते. आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालायला येतात, तिथे चाक फिरता कामा नये. म्हादई अभयारण्यातही तसेच. वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर कुठल्याही टायरने जाऊ नये. रान आपले आहे, म्हणूनच.

हवेचा विषय लोक विसरतात आणि निम्मे काम तर हवेनेच होते. अंगात 30-32 पीएसआय हवा घेऊन चिखलात घुसलेला महाग मड टायर कुचकामी. 18 ते 20 वर आणा, टायर पसरतो, पकड वाढते. 15 च्या खाली जाऊ नका, वळताना टायर चाकाच्या रिमवरून सुटतो. आणि डांबर लागल्याबरोबर हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगात धावलेला टायर आतून तापतो आणि कडेने फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवावा, तो टायरच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

शेवटी खरेदीबाबत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2324, म्हणजे 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मड टायर साध्या टायरइतके पटापट विकले जात नाहीत, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात मारला जाऊ शकतो. गेल्या पावसाळ्याआधी एका शेतकऱ्याने दुसरीकडून घेतलेला टायर माझ्याकडे बसवायला आणला. नक्षी कोरी होती, पण ठोकळ्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा पडलेल्या. त्याला पैसे परत मिळाले नाहीत, कारण बिलावर फक्त 'टायर 4 नग' लिहिले होते. कायद्याने झिजेची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण चिखलात मड टायरचे काम त्याच्या किती तरी आधी संपते, निम्मी नक्षी गेली की झटकण्याची ताकदही गेली. तेव्हा टायर कोरा आणि ताजाच हवा. कडेवरचे माप आणि ते चार आकडे स्वतः वाचावेत, चारही टायरांचे, आणि दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावेत. माझ्या सर्व धंदेबांधवांनाही विनंती आहे की गिऱ्हाइकाने मागण्याआधीच ते लिहून द्यावेत.

आपला,
वाळपई, सत्तरी येथील एक टायर दुकानदार